सत्तेचाळीस नंबरचे दोन बिल्ले

"सावकाश, सावकाश! डोक्याची बाजू वर धरा!" असं कुणीतरी ओरडलं आणि चौघांनी स्ट्रेचर डोंगरातल्या उद्यानाच्या कचेरीसमोर ओट्यावर टेकवलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. तीन ब्लँकेटं आणि एक ताडपत्री यांच्या आत नऊ नंबरच्या तंबूतल्या भूगोलाच्या बाई होत्या. ओठ निळे पडलेले, गाल खरचटलेला, उजवा पाय दोन काठ्यांमध्ये घट्ट बांधलेला. वरच्या धबधब्याजवळच्या कपारीत त्या आख्खी रात्र पडून होत्या. पहाटे फिरायला गेलेल्या दोघांना त्यांची पिवळी टोपी दिसली, म्हणून सापडल्या. एवढं होऊनही त्या शुद्धीवर होत्या, आणि आल्या आल्या त्यांची नजर कुणाला तरी शोधत होती.

"बिल्लेबाई कुठं आहेत?"

बिल्लेबाई गर्दीतून पुढे आली. तिला खरं नाव होतं, पण सव्वीस वर्षांत ते पगाराच्या कागदापलीकडे फारसं गेलं नव्हतं. ती स्ट्रेचरशी खाली बसली. भूगोलाच्या बाईंनी ब्लँकेटातून हात काढला आणि मूठ उघडली. आत एक पितळी बिल्ला होता, सत्तेचाळीस नंबरचा.

"हा घ्या तुमचा," त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "रात्रभर हातात धरून होते. म्हटलं, बिल्ला माझ्यापाशी आहे, म्हणजे त्यांचा खिळा रिकामा आहे. त्या काही झोपायच्या नाहीत, कुणाला तरी वर पाठवणारच."

बिल्लेबाईने बिल्ला घेतला. रात्रभर मुठीत राहून तो कोमट झाला होता. अँब्युलन्स आली, बाईंना आत चढवलं, दार लागलं. मग ती उठली आणि कचेरीच्या उघड्या दारातून आतल्या फळ्याकडे तिने पाहिलं. साठ खिळे, साठ बिल्ले. सत्तेचाळीसाव्या खिळ्यावरही एक बिल्ला व्यवस्थित लटकत होता.

ती वळली. स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरून खाली उतरलेला तिचा नवरा, उद्यानाचा गार्ड, नळाशी वाकून तोंड धूत होता. तोंड धुऊन झालं तरी तो पाणी मारतच राहिला.

या फळ्याची गोष्ट सांगायला हवी. बिल्लेबाई नोकरीला लागली तेव्हा कचेरीत एक वही होती. डोंगरावर जाणाऱ्यांनी तिच्यात नाव लिहायचं आणि उतरल्यावर सही करायची. लोक नावं भलतीच लिहीत आणि सही करायला तर कुणी फिरकतच नसे. तिने पहिल्याच वर्षी साहेबांच्या मागे लागून हा फळा करून घेतला. वरच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने खिळ्यावरचा बिल्ला न्यायचा, उतरल्यावर आपल्या हाताने परत लावायचा. संध्याकाळी सहाला एखादा खिळा रिकामा असला तर गार्डने टॉर्च घेऊन वर जायचं. इतकं साधं. साहेब येत गेले, बदलत गेले, पण फळा राहिला. "रिकामा खिळा ठेवून मी कधी घरी गेले नाही," हे वाक्य ती प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्या चहाबरोबर ऐकवायची आणि साहेब मनातल्या मनात हसायचे. हसू देत. सव्वीस वर्षांत तिच्या डोंगरावर कुणी रात्र काढली नव्हती.

आता लोक म्हटले की विसरणं आलंच. कुणी बिल्ला खिशात टाकून तसाच घरी न्यायचं, कुणाचा पाण्यात पडायचा. म्हणून दहा वर्षांपूर्वी तिने डुप्लिकेट करवून घेतले. तेही घरच्या घरी. नवऱ्याने पितळेचा पत्रा कापला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून नंबर ठोकले. त्याच्याकडच्या साताच्या ठशाची शेपटी मोडलेली होती, त्यामुळे त्याने केलेला प्रत्येक सात थोटा झाला. "सात आहे का एक आहे, देव जाणे," म्हणून तिने तेव्हा त्याची टर उडवली होती. ते डुप्लिकेट तिच्या टेबलाच्या खणात कुलपात असायचे. वापरायचा नियम एकच होता: माणूस परत आलेला डोळ्यांनी बघायचा, त्याच्याशी बोलायचं, मगच डुप्लिकेट खिळ्याला लावायचा.

फळ्यावरचा बिल्ला तिने काढून हातावर ठेवला. त्यावरचा सात थोटा होता.

आदल्या दिवशीची संध्याकाळ तिला जशीच्या तशी आठवत होती. पावणेसहाला चौदा नंबरवाल्यांचा तंबू एका बाजूला बसला आणि खुंट्या कशा ठोकायच्या ते दाखवायला ती मैदानात गेली. जाताना फळ्यावर एकच खिळा रिकामा होता. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तोही भरला होता आणि नवरा बाकावर बसून बूट सैल करत होता.

"भूगोलाच्या बाई आल्या का?" तिने विचारलं होतं.

"आल्या. तंबूकडं गेल्या."

"बघून येते जरा."

"थकल्यात गं. झोपू दे त्यांना."

झोपू दे त्यांना! आणि तिने कचेरीला कुलूप लावलं होतं. क्वार्टरवर जाऊन जेवण केलं होतं. जेवणानंतर रोजच्यासारखी मलमाची बाटली घेऊन त्याचे दोन्ही गुडघे अर्धा तास चोळले होते. तेव्हा वर भूगोलाच्या बाई मोडलेला पाय घेऊन शिट्टी फुंकत होत्या. हे मनात आलं आणि तिला आपल्याच हातांची किळस आली.

दुपारी घरी तिने ताट वाढलं, पण स्वतः बसली नाही.

"अहो, एकदाच विचारते. खरं सांगा."

"अगं, मला खरंच वाटलं त्या आल्यात," तो म्हणाला. "तंबूपाशी त्यांचा निळा कोट दिसला."

"कोट दिसला का बाई दिसल्या?"

त्याने भाकरीचा घास मोडला. "कोट."

"कोट दोरीवर वाळत होता."

"ते मला लांबून काय कळणार? म्हटलं, बिल्ला खिशात राहिला असेल, लोकांचा राहतो तसा. नाहीतर वर तासभर आणि खाली पाऊण तास. माझ्या गुडघ्यांची काय दशा आहे ते तुला वेगळं सांगायला पाहिजे का?"

"मला सांगायचं. मी गेले असते."

"तू? वर शेवटची कधी गेली होतीस?"

"मग दोघा-चौघांना उठवलं असतं. तंबूत जाऊन बघितलं असतं. पन्नास पावलं होती हो तंबूपर्यंत! माझ्याशी खोटं कशाला बोललात?"

यावर तो रडायला लागला. घास हातात तसाच. त्याचे गुडघे गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. कचेरीला कळलं तर घरी बसवतील म्हणून ती गोष्ट दोघांनी मिळून लपवली होती, आणि दोष द्यायचा तर त्यात तिचाही वाटा होता. त्याला रडताना बघून ती विरघळली.

"मीच सांगतो साहेबांना," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं सांगतो. तू मध्ये पडू नकोस. चौकशी लागेल तेव्हा सगळं सरळ सांगून मोकळा होतो."

"नक्की?"

"तुझी शपथ."

तिला एकदम हलकं वाटलं. चुकला, पण माणूस आपला आहे, असं वाटलं. तिने त्याच्या ताटात गरम भाजी वाढली आणि मग स्वतःचंही ताट घेतलं.

पुढचे दोन दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. तिकीट खिडकीवरचा कारकून चहाच्या टपरीवर म्हणाला, "बिल्लेबाईंनी डुलकी काढली वाटतं." तिने ऐकलं आणि कप विसळून ठेवला. साहेबांनी विचारलं, तर ती म्हणाली, चौकशीत काय ते कळेल. दुसऱ्या दिवशी ती भूगोलाच्या बाईंचे कपडे आणि चष्म्याचं घर घेऊन हॉस्पिटलात गेली. बाईंच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. पायाची दोन बोटं थंडीने काळी पडली होती आणि ती वाचतील का याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

"सोळा वर्षं मी येते तिथं," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "माझी मुलगी म्हणते, आई, या वयात एकटी कशाला जातेस डोंगरात? मी तिला सांगते, एकटी कुठं, तिथं बिल्लेबाई आहेत." मग त्यांनी विचारलं, "का नाही आलं कुणी?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण नवऱ्याने शपथ घेतली होती, त्याचं त्याला सांगू द्यायचं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि तोंड खिडकीकडे केलं. त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने चष्म्याचं घर उशीशेजारी ठेवलं आणि ती निघाली.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुझे तर सातच महिने राहिलेत नोकरीचे. तुला कुणी काही करणार नाही. झाला तर एखादा ठपका, तोही कागदावर." तिला वाटलं, बिचारा आपली समजूत घालतोय.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मोठ्या कचेरीतून चौकशीच्या मॅडम आल्या. साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर नवराबायको, कोपऱ्यात टाइप करायला तिकीट खिडकीवरचाच कारकून. टेबलावर पांढऱ्या कागदावर दोन बिल्ले ठेवले होते. दोन्ही सत्तेचाळीस नंबरचे.

मॅडमनी आधी गार्डला विचारलं. बिल्लेबाई हात मांडीवर घेऊन शांत बसली होती.

"मी सहाला कचेरीत आलो तेव्हा फळा भरलेला होता, मॅडम," तिचा नवरा म्हणाला. "फळा भरलेला असला की वर जायचं नाही, असा इथला नियम आहे. फळा हिच्याकडं असतो."

टाइपरायटर चालू होता. तिला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल. सुरुवात अशी करून हा मुद्द्यावर येईल. पण तो थांबला. त्याचं सांगून झालं होतं.

"तुम्ही खिळ्याला हात लावला नाहीत?"

"नाही मॅडम. ते काम माझं नाही."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "हे डुप्लिकेट कुणाच्या परवानगीनं केले?"

"कुणाच्याच नाही. मीच केले." आवाज तिचाच होता, पण तो लांबून आल्यासारखा वाटत होता.

"कुठं असतात?"

"माझ्या खणात. कुलपात."

"किल्ल्या किती?"

"दोन."

"एक तुमच्याकडे. आणि दुसरी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे अजून वेळ होता. ही शेवटची जागा होती आणि तिथे तिने त्याच्यासाठी मुद्दाम गप्प राहून वाट पाहिली.

"ती हरवलीय, मॅडम," तो म्हणाला. "वर्ष झालं असेल. मीच शोध शोध शोधली होती."

तो अडखळला नाही की त्याला घाम आला नाही. ही किल्ली वर्षापूर्वी हरवल्याचं त्याने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. कधी ठरवलं असेल? घास हातात घेऊन रडताना? तिची शपथ घेताना? का मलम चोळून घेताना डोळे मिटून? तिला सात महिन्यांचं बोलणं आठवलं. ती समजूत नव्हती. तो हिशेब होता, आणि त्यात त्याने तिला खर्ची टाकलं होतं. कपारीत पडलेल्या बाईंसाठी तिला वाईट वाटलं होतं, नवऱ्याच्या गुडघ्यांसाठीही वाटलं होतं. पण आता जे वाटलं ते स्वतःसाठी होतं आणि त्याची तिला सवय नव्हती.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं. "नसेल तर सही करा."

कारकुनाने कागद पुढे सरकवला. पेन ठेवलं. तिने पेन उचललं, मग खाली ठेवलं, आणि बाजाराला निघताना दारातून विचारावं तशा रोजच्या आवाजात ती म्हणाली,

"अहो, घराची किल्ली द्या जरा."

तीस वर्षांची सवय. नवऱ्याचा हात आपोआप खिशात गेला आणि किल्ल्यांचं कडं काढून त्याने तिच्या हातावर ठेवलं. ठेवलं आणि मग त्याला कळलं. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

तिने कड्यातल्या किल्ल्या एकेक करून बाजूला केल्या. घराची, सायकलची, पत्र्याच्या पेटीची, आणि शेवटची लहान, पितळी. ती धरून तिने कडं मॅडमसमोर ठेवलं.

"ही खणाची," ती म्हणाली. "उघडून बघा. आणि लिहा, फळा मी बंद केला. खात्री न करता केला, ती चूक माझी. बिल्ला यांनी लावला. बाई आल्या असं मला यांनी सांगितलं. ते मी खरं मानलं."

टाइपरायटर थांबला होता. कारकून आळीपाळीने दोघांकडे बघत होता. "लिहा," मॅडम त्याला म्हणाल्या, आणि तो पुन्हा सुरू झाला.

निकालाला वेळ लागला नाही. गार्डला चौकशी पुरी होईपर्यंत निलंबित केलं. विनापरवाना डुप्लिकेट केल्याबद्दल आणि खात्री न केल्याबद्दल बिल्लेबाईला लेखी ताकीद मिळाली. तिने ती वाचली, घडी घातली आणि सही केली. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने टोपी खाटेवर फेकली. "केसानं गळा कापलास माझा! चारचौघांत! तीस वर्षांचा संसार, आणि बायको नवऱ्याला असं उघडं पाडते?"

"मी वाट बघितली तुमची," ती म्हणाली. "दोन दिवस बघितली. तिथं खुर्चीत बसूनही बघितली."

"तुला काय झालं असतं? एक कागद! मला घरी बसवतील!"

"ते ठाऊक होतं मला. मला विचारलं असतंत ना, की बाई गं, एवढं तुझ्या अंगावर घे, तर घेतलंही असतं मी कदाचित. तुम्ही विचारलं नाहीत. परस्पर माझ्या गळ्यात मारून मोकळे झालात."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री तिने मलमाची बाटली त्याच्या उशाशी ठेवली आणि ती आतल्या खोलीत झोपायला गेली.

नवा गार्ड सोमवारी येणार होता. शनिवारी संध्याकाळी सहाला फळ्यावर दोन खिळे रिकामे होते, बारा आणि तेरा. मायलेकी होत्या, दुपारी दोनला वर गेलेल्या. बिल्लेबाईने तिकीटवाल्या कारकुनाला फळ्यासमोर बसवलं, टॉर्च आणि शिट्टी घेतली, साडी खोचली आणि ती वरच्या वाटेला लागली.

वर्षानुवर्षं ती इतरांना ही वाट तोंडपाठ सांगत होती. खालचा धबधबा, मग लाकडी पूल, मग डाव्या हाताची चढण. आता चढताना कळलं की पुलाच्या दोन फळ्या बदललेल्या आहेत आणि चढणीला नव्या पायऱ्या झाल्या आहेत. दर वळणावर तिला दम खावा लागत होता. अजून उजेड होता, पण झाडांखाली तो पातळ होत चालला होता. वरच्या धबधब्याचा आवाज आधी गुणगुणल्यासारखा आणि मग कान भरून यायला लागला. कपारीच्या कडेला शेवाळलेल्या दगडांवर स्ट्रेचर ओढल्याच्या खुणा होत्या. तिथे थांबून तिने शिट्टी तोंडात धरली आणि सगळा जोर लावून फुंकली. तिला स्वतःलाच ती ऐकू आली नाही. भूगोलाच्या बाईंना सगळं सांगायला सोमवारी परत जायचं, हे तिने तिथे ठरवलं.

मायलेकी पुढच्या वळणावर भेटल्या. बुटांचे बंद सुटलेले, केस ओले, आणि कशावरून तरी दोघी खदखदा हसत होत्या.

"अय्या, तुम्ही आमच्यासाठी आलात?" आई ओशाळली. "पाण्यात पाय सोडून बसलो, वेळेचं भानच राहिलं नाही."

"हो, तुमच्यासाठीच," बिल्लेबाई म्हणाली. "चला. सावकाश उतरा."

त्या तिघी पुलाच्या वरच्या चढणीपर्यंत उतरल्या तर समोरून कुणीतरी वर येत होतं. एका हातात काठी, दुसरा हात मांडीवर, दर पायरीला थांबत. अंगात युनिफॉर्म नव्हता. जवळ आल्यावर नवरा म्हणाला,

"कारकुनानं सांगितलं. तू कशाला आलीस? जा परत, मी बघतो."

"सापडल्या त्या."

"बरं. मग चल." तो वाटेच्या कडेला सरकून उभा राहिला. उतरताना गार्ड सगळ्यांच्या मागे असतो, तशी त्याला सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची सवय होती. मायलेकी पुढे गेल्या. बिल्लेबाई हलली नाही.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली.

"शेवटी मी चालतो."

"आज मी चालते."

"अगं, मी काय पळून जाणारेय?"

"पुढे व्हा."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या अनोळखी पाहुण्याला सांगावं तसं तिने सांगितलं, आणि ते त्याला कळलं. काठी टेकत तो पुढे झाला. तीन माणसं एकामागून एक पूल ओलांडून उतरायला लागली. आई, मुलगी, आणि काठीवाला. अंधार पडायला लागला होता. तिने टॉर्च लावला. एक, दोन, तीन, असं मनात मोजलं आणि उजेड तिसऱ्याच्या पायाखाली धरला.